वसईची ताडी, वेदीवरचा द्राक्षारस आणि एक आजार

मागच्या व्याख्यानात आपण १७३९ च्या वसई मोहिमेपाशी थांबलो होतो. किल्ला मराठ्यांकडे आला, पण गावांतली ख्रिस्ती माणसं इथेच राहिली. आपली बोली, आपली वाडी, आपलं चर्च धरून. आज त्यांच्या घरातल्या बाटलीबद्दल बोलायचंय. विषय नाजूक आहे, याची आम्हाला जाणीव आहे.

मुळात बाटली नव्हती, मडकं होतं. भंडारी झाडावर चढायचा. पहाटेचा रस गोड, दुपारपर्यंत तोच आंबट आणि चढणारा. त्याच ताडीनं पीठ आंबवून सणाचे फुगे तळले जात. मग १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. रस काढायच्या झाडांवर कर, गाळपाला परवाने आणि मक्ते. झाडाचा रस महाग झाला आणि गाळलेली दारू जवळची वाटू लागली, असं आमचं मत आहे.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा. गंमत बघा, त्यातही धर्मविधीच्या द्राक्षारसाला सूट होती! वेदीवर कायदेशीर, अंगणात गुन्हा. कॅथलिक शिकवणीत पिणं पाप नाही, अतिरेक पाप आहे. हा फरक प्रवचनात कळतो. लग्नाच्या मांडवात, जिथे पाहुण्याला पेला दिला नाही तर यजमानाचं तोंड उतरतं, तिथे मात्र तो हरवतो. मग पापनिवेदन, शपथ, शपथभंग, पुन्हा पापनिवेदन. आणि प्रत्येक फेरीत लाज वाढत जाते.

१९८१ मध्ये बांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. आपण स्वतः या व्यसनातून बाहेर आलो, हे ते उघडपणे सांगतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग, अशी त्यांची जोडणी. कृपाचं केंद्र वसईतही आहे. आम्हाला यात मोठी वाटते ती एक गोष्ट: धर्मगुरूच म्हणतो, मी आजारी होतो. पापनिवेदनात माणूस 'पुन्हा कधीच नाही' म्हणतो. बैठकीत 'फक्त आज नाही' एवढंच. दुसरं वचन पाळणं जमतं.

घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका आहेत. इतकी वर्षं रोजरी म्हणत नवऱ्याची वाट पाहणारी बाई तिथे पहिल्यांदा ऐकते, की तिच्या प्रार्थनेत काही कमी पडलं म्हणून तो पीत नव्हता.