स्कॉर्पिओ-एन घ्यायची की जुनीच बरी? तीन पावसाळे गाडी वापरलेले मालक काय सांगतात

आपल्याकडं स्कॉर्पिओ ही नुसती गाडी नाही. लग्नाचं वऱ्हाड, सोसायटीचं इलेक्शन, दवाखान्याची धावपळ, सगळीकडं तीच. २००२ साली ही गाडी बाजारात आली आणि वीस वर्षांत गावोगाव पोचली. २७ जून २०२२ ला महिंद्रानं तिचं नवं रूप ‘स्कॉर्पिओ-एन’ आणलं. ३० जुलैला बुकिंग उघडलं तेव्हा अर्ध्या तासात एक लाख गाड्यांची नोंद झाली. सुरुवातीला कित्येकांना वर्षाच्या वर थांबावं लागलं. जुनी गाडीही बंद झाली नाही, ती ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ नावानं शोरूममध्ये राहिली. त्यामुळं आज ऊसबिल हातात आलेल्या माणसापुढं प्रश्न असतो, दोन्हींतली कुठली घ्यायची?

नव्या गाडीचे मालक आता तीन-तीन पावसाळे गाडी वापरून बसलेत. त्यांची मतं ऐकली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ज्याची गाडी जास्त करून हायवेला पळते तो खूश आहे. ज्यानं जुन्या स्कॉर्पिओची सगळी कामं नव्या गाडीकडून करून घ्यायचं ठरवलं, तो कुरकुरतो. गाडी तीच, पण काम वेगळं.

नाव जुनं, गाडी नवी

नव्या गाडीत जुन्याचं नावाशिवाय फार काही उरलेलं नाही. चासी नवी आहे. शिडीसारखी वेगळी चासी आणि तिच्यावर बॉडी, ही जुनी पद्धत मात्र ठेवली आहे, म्हणून खराब रस्त्याला गाडी दणकट वाटते. मापं बघा. जुनी ४,४५६ मिलिमीटर लांब, १,८२० रुंद आणि १,९९५ उंच. नवी ४,६६२ लांब, १,९१७ रुंद आणि १,८५७ उंच. म्हणजे नवी गाडी वीतभर लांब झाली, चार बोटं रुंद झाली आणि उंचीला जवळपास १४ सेंटिमीटर कमी झाली.

मालकांच्या निम्म्या गोष्टी या मापांतूनच निघतात. उंची कमी आणि रुंदी जास्त, म्हणून वळणावर गाडी जुन्यासारखी झुकत नाही. पुणे-सोलापूर हायवेला शंभरच्या स्पीडनं जाताना जुन्या गाडीत मागं बसलेल्याच्या पोटात कालवायचं, नव्या गाडीत तसं होत नाही, असं बहुतेक सगळे सांगतात. पण तीच रुंदी गावात आडवी येते. गावठाणातल्या बोळात आणि दोन्ही बाजूंनी बाभळी-घाणेरी वाढलेल्या पाणंद रस्त्यावर नवी गाडी घासते. आरसे मिटवून गाडी काढणं हे रोजचं काम होतं. ‘जुन्यात बसलं की सगळा रस्ता पायाखाली दिसायचा’ असं म्हणणारेही बरेच आहेत. उंची छताची कमी झाली आहे, त्यावरून गाडीचं पोट जमिनीला टेकतं असा अर्थ काढू नये.

इंजिनाबद्दल तक्रार कमी. क्लासिकला २.२ लिटर डिझेल, १३२ पीएस ताकद. नव्या गाडीत खालच्या मॉडेलला तेवढीच ताकद, तर वरच्या डिझेलला १७५ पीएस मिळते. पेट्रोल २ लिटर टर्बो, २०३ पीएस. ओव्हरटेकला दोन्ही तयार. पण पेट्रोलवाले ॲव्हरेजचा विषय निघाला की गप्प होतात. गावातल्या चालीला आठ-दहाच्या पुढं काटा सरकत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. डिझेलवाले बारा ते चौदा सांगतात, हायवेला थोडं जास्त.

मागच्या सीटचं दुखणं

घरात सर्वात जास्त वाद होतो तो इथं. जुन्या गाडीत मागं समोरासमोर आडवी बाकं मिळायची. नऊ माणसं, वेळ पडली तर आणखी दोन, आणि बाकं उचलली की पेंडीची, खताची पोती. नव्या गाडीत मागं दोघांची सीट पुढं तोंड करून आहे. मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. त्या सीटवर कोणी बसलं तर डिकी जवळजवळ नसतेच, दोन पिशव्या आणि डबा एवढंच. सीट दुमडून पुढं उभी करता येते, पण ती खाली सपाट होत नाही. मार्केट यार्डाला डाळिंबाचे क्रेट न्यायचे तर अडचण होते. मागचं दार दोन्ही गाड्यांना बाजूला उघडतं, त्यामुळं मागं दुसरी गाडी चिकटून उभी असली की सामान काढायची पंचाईत तशीच.

मधल्या सीटवर बसणाऱ्यांची मतं दुभंगलेली आहेत. हायवेला आरामात जाते, पण खड्ड्याच्या रस्त्याला हळू चालवली की मागून हिसके बसतात. चार-पाच माणसं बसली, वजन पडलं की सस्पेन्शन मऊ लागतं. एकट्यानं चालवणाऱ्याला गाडी कडक वाटते आणि कुटुंबवाल्याला बरी वाटते ती त्यामुळंच.

मात्र आडव्या बाकांची हळहळ करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आडव्या बाकावरच्या माणसाला धडकेत आधार नसतो. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेली जुनी स्कॉर्पिओ आदळून पाहिली तेव्हा तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या गाडीला त्याच संस्थेच्या, आणखी कडक केलेल्या चाचणीत पाच स्टार मिळाले. लहान मुलांच्या बाबतीत मात्र तीनच स्टार आहेत, तेव्हा पोरांना पुढं मांडीवर घेऊन बसायची सवय नव्या गाडीतही चालणार नाही. रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर नसतात हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. मागचा हिशेब पोत्यांचा असला तरी पुढचा हिशेब हाही आहे.

फोर बाय फोर कोणाला लागतं?

क्लासिकला फोर बाय फोर मिळत नाही. नव्या गाडीत मिळतं, पण फक्त डिझेलला आणि ठरावीक मॉडेललाच. पेट्रोल घेतली तर ती मागच्या चाकांवरच चालणार. दांडी नाही, बटणावर काम होतं, आणि चिखल, वाळू, गवत-खडी असे वेगळे मोडही आहेत.

इथं मालकांचा सगळ्यात मोठा भ्रमनिरास होतो, आणि तो गाडीपेक्षा मातीमुळं होतो. मंगळवेढ्याकडची काळी रानं एकदा भिजली की तिथं भल्याभल्यांचं चालत नाही. कंपनीचे टायर रस्त्याचे असतात. काळी चिकण माती त्यांच्या खाचांत भरली की चाक गुळगुळीत लाटण्यासारखं होतं आणि मग दोनऐवजी चारही चाकं जागेवर फिरतात, एवढाच फरक. ज्यांचा रस्ता खरंच रानातून आहे त्यांनी चिखलालाही चालणारे ‘ऑल टेरेन’ टायर टाकले. त्यानं पकड वाढते, पण डांबरीवर आवाज येतो आणि ॲव्हरेजही थोडं कमी होतं. माळरान, मुरमाची चढण, ओढ्यातली वाळू, डोंगरातली वाडी, अशा ठिकाणी मात्र फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात. बाकीच्यांना वर्षातून दोन वेळा लागणार असेल तर बांधावरचा ट्रॅक्टर आहेच.

वापरताना दोन चुका होतात. एक, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर चालू ठेवून गाडी पळवायची. या गाडीत ते सतत चालू ठेवायचं नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, निसरड्या जमिनीवर चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरीवर निघत नाही आणि ताण गिअरवर येतो. दुसरी चूक, ‘लो’ लावताना गाडी थांबवून न्यूट्रलला न घेणं. उलट, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून थोडं चालवावं, म्हणजे यंत्रणा मोकळी राहते.

पाण्याचं मात्र वेगळं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर सगळ्यांनी पाहिला. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठी गाडी तरंगायला लागते, मग चार चाकं फिरून उपयोग नाही, कारण चाकाला जमीनच लागत नाही. नळ्याच्या पुलावरून पाणी चाललं असेल तर स्कॉर्पिओनंही थांबायचं असतं.

सनरूफ, स्क्रीन आणि पिवळा दिवा

२०२३ च्या सुरुवातीला धबधब्याखाली उभ्या केलेल्या स्कॉर्पिओ-एनमध्ये छतातून पाणी आल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. नंतर कंपनीनं तशीच गाडी धबधब्याखाली उभी करून आत पाणी येत नसल्याचा व्हिडिओ काढला. यात शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट एवढीच की कुठल्याही सनरूफला कडेनं पाणी निघायच्या बारीक नळ्या असतात. आपल्याकडच्या धुळीनं आणि पाचटाच्या राखेनं त्या तुंबतात. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला नळ्या साफ करून घ्या म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. सनरूफ नसलेलं मॉडेल घेतलेल्यांना ही भानगडच नाही.

स्क्रीन अडकणे, कॅमेरा उशिरा लागणे अशा तक्रारी पहिल्या वर्षातल्या गाड्यांना जास्त होत्या, सॉफ्टवेअर अपडेट करून घेतल्यावर त्यातल्या बऱ्याच गेल्या. जुनी घेणाऱ्यानं अपडेट झालंय का ते विचारावं.

डिझेलवाल्यांना खरी अडचण येते ती डीपीएफची. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी धरून ठेवणारा हा फिल्टर असतो. गाडी सलग वेगात चालली की तो काजळी आपोआप जाळतो. घर ते रान, रान ते डेअरी, डेअरी ते चावडी असं दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर गरमच होत नाही आणि एक दिवस पिवळा दिवा लागतो. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं मोठ्या रस्त्यावर एका चालीत गाडी पळवली तर हा त्रास बहुतेक टळतो. क्लासिकलाही हाच नियम. फिल्टर काढून टाकायचा सल्ला देणारे मेस्त्री भेटतील. ते बेकायदा आहे, आणि वॉरंटीही जाते.

हप्त्याचा आकडा

किमतीबाबत जुनी मतं ऐकताना तारीख बघावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी राहिला, त्यामुळं नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधी घेतलेली सेकंडहँड गाडी विकणारा अजून जुन्या किमतीचा हिशेब सांगतो, तो मान्य करायचं कारण नाही. दुसरं, शोरूमची किंमत वेगळी आणि ऑन रोड वेगळी. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स आहे, पेट्रोलला १२ टक्के. सोळा लाखांच्या डिझेल गाडीला नुसता टॅक्सच २ लाख २४ हजार होतो, विमा वेगळा.

आता कर्ज. पंधरा लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांना घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण २४,५०० रुपये बसतो. वर्षाचे २ लाख ९४ हजार. सात वर्षांत व्याजच साडेपाच लाखांच्या वर जातं. टनाला हातात २,८०० रुपये येतात असं धरलं तर एका वर्षाच्या हप्त्याला १०५ टन ऊस जातो. एकरी चाळीस टन पडत असेल तर अडीच एकरांपेक्षा जास्त रान सात वर्षं फक्त गाडीसाठी पिकवायचं. त्यात मशागत, खत आणि पाण्याचा खर्च धरलेलाच नाही.

शिवाय कारखान्याचं बिल महिन्याला येत नाही, हप्ता महिन्याला येतो. काही बँका आणि फायनान्सवाले शेतकऱ्याला सहामाही हप्ता बांधून देतात. गाडीचा रंग ठरवायच्या आधी हे विचारून घ्यावं. टॉप मॉडेलचा हट्ट सोडून मधलं मॉडेल घेतलेले मालक आज जास्त निवांत दिसतात, सनरूफ आणि मोठे स्पीकर नसल्याचं दुःख त्यांना फार दिवस राहिलं नाही.

शोरूमला टेस्ट ड्राइव्ह देतात ती डांबरीवर, एकट्या माणसाला, पाच मिनिटं. त्याऐवजी घरची पाच-सहा माणसं बरोबर न्यावीत, आईला किंवा वडिलांना मागच्या सीटवर चढून-उतरून बघायला सांगावं, आणि जमलं तर गाडी आपल्या रोजच्या पाणंदीतनं एकदा काढून बघावी. गावात कोणाकडं नवी गाडी असेल तर त्याला गाडी कशी आहे हे विचारू नये, चांगलीच आहे म्हणणार. मागच्या वर्षी सर्व्हिसिंगला किती गेले आणि टायर कितव्या किलोमीटरला बदलले, हे विचारावं.