मुलांनाच विचारायचे म्हणजे काय : शालेय आरोग्य सर्वेक्षणांची प्रस्तावना

शाळेत वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी येते तेव्हा मुलाला रांगेत उभे राहावे लागते. बोलावे लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक डोळे पाहते, दात पाहते, कार्डावर नोंद करते आणि पुढच्या शाळेला निघते. हे काम मोलाचे आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण हेच मूल रात्री किती झोपते, सकाळी काही खाऊन निघते का, मधल्या सुट्टीत त्याला कोण सतावते, मनातले सांगायला घरात कोणी आहे का, हे कुठल्याही काट्यावर उमटत नाही. ते त्याचे त्यालाच ठाऊक असते. मुलाला विचारायचे आणि त्याचे उत्तर पुरावा म्हणून धरायचे, इथून या अभ्यासक्षेत्राची सुरुवात होते.

मोठ्यांना हे पटायला वेळ लागला. पोरांचे काय ऐकायचे, हा सूर फक्त आपल्याकडचा नाही. १९८२ साली इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वे इथल्या संशोधकांनी शाळकरी मुलांच्या आरोग्यविषयक सवयींचा एकत्र अभ्यास करायचे ठरवले, तेव्हा त्यांच्यापुढे मुख्य चिंता होती सिगारेटची. मूल ओढायला कधी लागले हे पालकांना विचारून कळणार नव्हते, हे उघडच आहे. १९८३-८४ मध्ये पहिली फेरी झाली. जागतिक आरोग्य संघटनेचे युरोपीय कार्यालय पाठीशी उभे राहिले आणि ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांना दर चार वर्षांनी प्रश्न विचारायची रीत पडली. ‘एचबीएससी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या फेरीत युरोप, मध्य आशिया आणि कॅनडा मिळून ४४ देश-प्रदेश आणि सुमारे २ लाख ८० हजार मुले होती. सिगारेट आता अनेक विषयांपैकी एक उरली आहे. अभ्यासाचे दडपण वाटते असे सांगणाऱ्या १५ वर्षांच्या मुलींचे प्रमाण २०१८ मध्ये ५४ टक्के होते, ते या फेरीत ६३ टक्क्यांवर गेले. त्याच वयाच्या मुलांत ते ४३ टक्के होते. तेच प्रश्न त्याच वयाला पुन्हा पुन्हा विचारले म्हणून ही वाढ दिसली. एका फेरीचा आकडा बातमीला पुरतो, अभ्यासाला नाही.

खरी गंमत प्रश्नांच्या घडणीत आहे. मुलांपुढे शिडीचे चित्र ठेवतात. सर्वांत वर १०, म्हणजे तुझ्या दृष्टीने उत्तमात उत्तम आयुष्य, तळाला ०. आज तू कुठल्या पायरीवर आहेस? ही शिडी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांची, त्यांच्या १९६५ च्या पुस्तकातली. पाश्चात्त्यांची मोजपट्टी म्हणून नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात असावे, की त्या मूळ अभ्यासातल्या देशांत भारतही होता.

सगळेच प्रश्न मात्र इतक्या सहज प्रवास करत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाला वडिलांचा पगार विचारण्यात अर्थ नसतो. म्हणून युरोपात विचारतात : घरी मोटार आहे का, तुला स्वतंत्र खोली आहे का, संगणक किती, बाथरूम किती, भांडी धुण्याचे यंत्र आहे का, कुटुंबासह परदेशी सहलीला किती वेळा गेलात. हीच प्रश्नावली उचलून औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटली, तर जवळजवळ सगळा वर्ग तळाच्या एकाच गटात जाऊन बसेल आणि गरीब व त्याहून गरीब यांतले अंतर पुसले जाईल. तिथे विचारावे लागेल ते छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, नळाला पाणी किती दिवसांआड येते, दारात मोटरसायकल आहे का, शेत स्वतःचे की बटईचे.

वर्गातली शिस्तही वेगळी असते. कागदावर नाव नसते. शिक्षकांनी बाकांमधून फिरायचे नसते, कारण गुरुजी डोक्याशी उभे असताना तंबाखूच्या प्रश्नाला कोण ‘हो’ म्हणेल? आपल्याकडे एका बाकावर तिघे बसलेले असतात आणि शेजाऱ्याचे पाहून लिहायची सवय मुरलेली असते. ‘सर, यातलं बरोबर कुठलं?’ हा प्रश्न हमखास येतो. ही परीक्षा नाही, हे मुलांना पटवण्यात गेलेली पहिली दहा मिनिटे वाया गेली असे नवख्या संशोधकाने समजू नये.

इथे एक पेच आहे. निनावी कागदावर कोणी ‘जगावेसे वाटत नाही’ असे लिहिले, तर तो कागद कुणाचा हे कळायला मार्ग नाही. तरीही मी नाव न विचारण्याच्याच बाजूने आहे. नाव विचारले तर ते वाक्य लिहिलेच जात नाही. मात्र मग १०९८ हा मदतीचा क्रमांक आणि बोलायला भेटेल असे एखादे खात्रीचे माणूस, हे कागद वाटण्याआधीच वर्गातल्या प्रत्येक मुलाला सांगितलेले हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार लागतो : ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. मुख्याध्यापकांनी हो म्हटले म्हणजे सगळ्यांनी हो म्हटले, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे.

भारतात अशी कामे झाली आहेत, पण विखुरलेली. जागतिक आरोग्य संघटनेचे विद्यार्थी आरोग्य सर्वेक्षण २००७ मध्ये झाले, तेही सीबीएसईच्या शाळांपुरते. २०१९ च्या तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातले ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे आढळले. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना मनःस्वास्थ्याविषयी विचारले, तेव्हा ८१ टक्क्यांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांच्याकडे बोट दाखवले.

मोजमापाचीही भाबडी खात्री बाळगू नये. २०१६ ते २०१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या ४० टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ च्या मुलींत हा आकडा ५४ टक्के होता. वयोगट वेगळे आहेत हे खरे, पण पहिल्यात रक्त शिरेतून काढले होते आणि दुसऱ्यात बोटाला टोचून. टक्केवारी उद्धृत करणाऱ्या किती लेखांत ही सुई दिसते?

त्याहून मोठा प्रश्न बाकावर नसलेल्या मुलाचा. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, फडावर राहतात. ज्यांना मागे वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ ठेवता येत नाही, ती मुले बरोबर जातात. जानेवारीत त्या गावच्या शाळेत सर्वेक्षण घेतले, तर ज्यांची खबर आधी घ्यायला हवी तीच मुले गळतात. आजारी मूल त्या दिवशी घरी असते. पाळी आलेली मुलगी शौचालयाला पाणी नसलेल्या शाळेत येत नाही. ही गळती यदृच्छेने होत नाही. आरोग्यच तिचे कारण असते, म्हणून शाळेत मोजलेले आरोग्य खऱ्याहून थोडे बरेच दिसते.

शिवाय सर्वेक्षण एका दिवसाचे चित्र देते. त्याच मुलांचे पुढे काय होते हे पाहायला वेगळी चिकाटी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांपासून अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ही बाळे वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असलेली निघाली. या विषयातले जागतिक दर्जाचे काम आपल्या शेजारच्या गावांत झाले आहे, हे मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असावे.

हे क्षेत्र डॉक्टरांचे किंवा संख्याशास्त्रज्ञांचे राखीव नाही. त्यात शिक्षक लागतात, समाजकार्याचे विद्यार्थी लागतात, मुलांशी बोलता येणारी माणसे लागतात. टक्केवारीची धास्ती असलेल्यांनी सरळ एखाद्या प्रश्नावलीपासून वाचायला घ्यावे. सूत्रे नंतर समजतात. शिक्षक वाचकांना मात्र एक आग्रहाची विनंती. पथके कागद गोळा करून जातात आणि पुष्कळदा शाळेला पुढे काहीच कळत नाही. वर्ग तुमचा असतो, तास तुमचा असतो, उत्तरे तुमच्या मुलांची असतात. तेव्हा परवानगी देतानाच निकाल मागा : निदान जिल्ह्यापुरता, मुलांसमोर वाचून दाखवता येईल अशा मराठीत, आणि तारखेसह लेखी.