अहमदाबादचा मोग

एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. मोग सिंथेसायझरचा हा साधा नियम मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितला नाही. तो शोधायला लागलो एका रात्री, ऑफिसचा शेवटचा कॉल संपल्यावर, हेडफोनवर ‘स्पेस लायनर २००१’ ऐकलं तेव्हा. वाटलं, जर्मनीतलं असणार. निघालं अहमदाबादचं! करणारा जिनराज जोशीपुरा, तेव्हा आर्किटेक्चर शिकणारा पोरगा.

१९६१ साली अहमदाबादेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन सुरू झाली. तिच्या उभारणीत गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा. त्यांची बहीण गीता पखवाज वाजवायची. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला तिनं जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं आणि बदल्यात त्याच्याकडून काउंटरपॉइंट शिकून घेतलं. पैशांचा व्यवहार नाही, विद्येला विद्या. याच केजचा जवळचा सहकारी डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आला आणि त्यानं संस्थेत मोगचा स्टुडिओ उभा केला. म्हणजे खुर्च्या, कापड, अक्षरं यांचा विचार चालायचा, त्याच आवारात लोक ध्वनीला आकार देत बसले होते.

हे यंत्र समजून घ्या, मजा आहे. या मोगला मेमरी नाही. ऑसिलेटर, फिल्टर, अॅम्प्लिफायर असे सुटे डबे, आणि ते जोडायला वायरींचं जंजाळ. तासभर खपून एक आवाज सापडतो. वायरी उपसल्या, बटणं फिरवली की तो गेला. उद्या हुबेहूब तसाच मिळेल याची खात्री नाही, कारण तापमान बदललं तरी सूर सरकतो. (अहमदाबादच्या मे महिन्यात काय होत असेल!) शिवाय एका वेळी एकच स्वर. मला वाटतं, रागसंगीतात वाढलेल्या कानांना ही अडचण वाटलीच नसेल. एकावर एक थर हवे असतील तर टेपवर चढवायचे. टेप फिरत असेल तेवढंच उरायचं.

ते उरलेलंही कुणी ऐकलं नाही. १९६९ ते १९७२ मधल्या त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराला त्या सापडल्या, २०२३ मध्ये अल्बम आला. सगळंच काही थोर नाही. काही तुकडे म्हणजे नुसतं बटणं फिरवून पाहणं आहे. पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नवं तंत्र आपल्याकडे नेहमी उशिरा येतं, हे ऐकतच आमची पिढी मोठी झाली. इथे ते वेळेवर आलं होतं, आणि पन्नासेक वर्षं कपाटात राहिलं.

माझ्या लॅपटॉपवर मोगची सॉफ्टवेअर नक्कल आहे. सगळं सेव्ह होतं, सगळं अनडू होतं. फोल्डरमध्ये त्रेचाळीस फाइल्स आहेत, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ वगैरे. पूर्ण एकही नाही.

त्या रात्री फाइल सेव्ह केली नाही. फोनचा रेकॉर्डर लावला, अडीच मिनिटं वाजवलं, लॅपटॉप मिटला. मधे एका ठिकाणी गल्लीतलं कुत्रं भुंकलंय.