शिधावाटप, हिंगोली जिल्ह्यातील

सरकारमान्य स्वस्त धान्य दुकानांमधून पात्र कुटुंबांस दरमहा गहू, तांदूळ आदी जिन्नस पुरविण्याची व्यवस्था. गावोगावच्या बोलण्यात ‘कंट्रोल’. पाश्चात्त्य देशांत देणग्यांवर चालणाऱ्या अन्नपेढ्यांपुढे अलीकडे ज्या कुटुंबांच्या रांगा वाढत आहेत, तशाच स्थितीतील येथील कुटुंबे याच दुकानांवर विसंबून असतात. मात्र तेथे जे दात्याच्या औदार्याने मिळते ते येथे कायद्याने देय आहे.

हा मुलूख हैदराबाद संस्थानात असता दुसऱ्या महायुद्धाच्या काळी लेव्हीच्या रूपाने शेतकऱ्याचे धान्य सक्तीने उचलले जाई. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो ज्वारी आणि सुकडी हा पूरक आहार यांवर मराठवाड्याने दिवस काढले. परभणीतून हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला आणि त्याच दिवसापासून राज्यात पिवळी, केशरी व पांढरी अशी तिरंगी शिधापत्रिका अमलात आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचा अंमल महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला. त्यान्वये अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास ५ किलो धान्य मिळते. पूर्वी गव्हास किलोमागे २ व तांदळास ३ रुपये पडत; २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य आहे.

या धान्यावर जगणारे कोण, असा प्रश्न केला तर भूमिहीन मजूर, कळमनुरी व औंढा नागनाथ तालुक्यांतील आंध आदिवासी, ऊसतोडीस जाणारी बिऱ्हाडे ही उत्तरे सहज सुचतात. परंतु ज्याच्या नावे सातबारा आहे असा कास्तकारही याच रांगेत उभा असतो, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्या रानात पूर्वी ज्वारी आणि तिच्या पाट्यांतून मूग, उडीद, तूर अशी घरची बेगमी पिकत असे, तेथे सोयाबीन, कापूस व हळद या नगदी पिकांनी ठाण मांडल्यामुळे, आणि पावसाने ओढ दिली किंवा बाजारभाव पडला तर हाती आलेली रक्कम आधी कर्जात व खत-बियाण्यांच्या उधारीत वळती होत असल्यामुळे, अन्न पिकविणाराच अन्नाचा गिऱ्हाईक झाला. शासनाने हे २०१५ साली एक प्रकारे मान्यही केले : हिंगोलीसह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील, अन्नसुरक्षेच्या यादीबाहेर राहिलेल्या केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांस अन्नसुरक्षेच्या दरानेच माणशी ५ किलो धान्य देऊ केले. पुढे हे धान्य थांबले आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये, नंतर १७० रुपये, बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल शेतकऱ्याच्या हिताचा नव्हे; कारण बाजार चढला तरी रक्कम तीच राहते, आणि खात्यात पडलेला पैसा घरातील दुसरी नड आधी भागवितो.

धान्य घेताना ई-पॉस यंत्रावर अंगठा लावावा लागतो. कोयत्याने व मातीकामाने ज्यांची बोटे झिजली आहेत, त्यांचा ठसा पुष्कळदा उमटत नाही, आणि जे सर्वांत कष्टाळू तेच ओळख पटविण्यासाठी खेटे घालतात. कोणत्याही गावी धान्य उचलण्याची सोय झाल्याने स्थलांतरितांस दिलासा मिळाला, हे मात्र नमूद केले पाहिजे.

खरी अडचण इष्टांकाची आहे. किती माणसांस धान्य द्यावयाचे ही संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली असून संपूर्ण राज्यासाठी ती सुमारे ७ कोटी आहे. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी केल्याचा दाखला आणून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज केला, किंवा नवजात बालकाचे नाव लावावयास गेले, तरी इष्टांक भरलेला असल्यास जागा रिकामी होईपर्यंत त्या जिवाचे धान्य सुटत नाही. ग्रामीण प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची ४४,००० रुपयांची मर्यादाही अशीच जुनी असून, घरातील एकट्या मिळवत्यास वर्षभर रोज काम मिळाले असे धरल्यास त्याची मजुरी दिवसाला सुमारे एकशेवीस रुपयांच्या आत असेल तरच कुटुंब तीत बसते. २०२१ ची जनगणना झाली नाही. तेव्हा पुढील गणतीची वाट न पाहता इष्टांक व उत्पन्नमर्यादा दोन्ही वाढविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्यास झालेला विलंब असमर्थनीय आहे.