कोलटकरांचे सुटे कागद

आपल्या राजाराम हायस्कूलच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांत कवी अरुण कोलटकर यांचे नाव मानाने घ्यावे लागते. वडील शिक्षण खात्यात अधिकारी. १९४९ साली इथले शिक्षण संपवून, वडिलांच्या मनाविरुद्ध, कोलटकरांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरली. बालमित्र बाबूराव सडवेलकर तिथे आधीच शिकत होते. पुढे कोलटकर जाहिरात क्षेत्रात नावाजले आणि मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कविता लिहीत राहिले. ‘जेजुरी’ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार, पण तो पाहायला ते नव्हते. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.

हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला सांगायचे आहे ते त्यांच्या कागदांविषयी. गेली काही वर्षे मी कोलटकरांशी संबंधित जुने अंक, पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या, कात्रणे असे जमेल तेवढे जमवतो. घरचे त्याला रद्दी म्हणतात. पण या कवीच्या बाबतीत रद्दी आणि इतिहास यांच्यातले अंतर फार थोडे आहे.

कारण कोलटकरांनी पुस्तके काढण्याची कधी घाई केली नाही. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा पहिला मराठी संग्रह १९७७ चा. त्यानंतरची मराठी पुस्तके यायला जवळपास २५ वर्षे गेली. या सगळ्या काळात त्यांची कविता वाचायची तर ती लघुनियतकालिकांत. १९५४-५५ च्या सुमारास रमेश समर्थ, दिलीप चित्रे आणि कोलटकर यांनी मित्रांसह ‘शब्द’ काढले. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले आणि पाठोपाठ इतरही निघाली. यांतली कित्येक सायक्लोस्टाइलवर निघत. मेणकागदावर मजकूर टंकायचा, तो यंत्राच्या रुळावर चढवायचा आणि हाताने फिरवून प्रती काढायच्या. कागद स्वस्तातला, प्रती थोड्या, वर्गणीदार म्हणजे बहुधा मित्रच. वाचून झाले की अंक दुसऱ्याच्या हाती जाई आणि तिथून वाण्याच्या दुकानात.

त्यामुळे अंक हरवला की कविताच हरवण्याची भीती असे. ‘जेजुरी’च्या बाबतीत हे घडलेही. तिचा आधीचा खर्डा एका अल्पायुषी इंग्रजी नियतकालिकाकडे गेला आणि हस्तलिखित गहाळ झाले. कोलटकरांनी नव्याने लिहिली, तेव्हा ती १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आणि १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली. उलट ‘बोटराइड’ ही दीर्घ इंग्रजी कविता अलाहाबादच्या ‘डॅम यू’ या सायक्लोस्टाइल अंकात १९६८ मध्ये आली होती. कवीच्या स्वतःच्या पुस्तकात ती यायला २००९ उजाडले. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी ते संकलन करेपर्यंत कुणीतरी ते अंक जपले, म्हणूनच हे शक्य झाले.

पुस्तक हीही नुसती मजकुराची वस्तू नसते. ‘जेजुरी’ काढणारी ‘क्लिअरिंग हाउस’ ही संस्था आदिल जस्सावाला, मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मिळून उभी केली होती. मुखपृष्ठांची रचना कोलटकरांकडे असे. नव्या आवृत्तीत कविता तीच राहते, पण कवीने स्वतः मांडलेले पान पाहायचे तर जुनी प्रतच हातात घ्यावी लागते.

आज अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुंबईच्या कवींचे कागद जपणारा स्वतंत्र संग्रह आहे. अंजली नेर्लेकर यांनी कोलटकरांवरच्या २०१६ च्या ग्रंथात अशा लघुनियतकालिकांतूनच त्या काळाचा इतिहास मांडला. इतक्या दूर हे जपले जाते याचा आनंद आहे. पण कवीचे बालपण आणि शाळकरी वय ज्या गावात गेले, त्या गावातले कागद गावातल्या माणसांनीच शोधायला हवेत.

म्हणून, मित्रहो, एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर वडिलांची, काकांची, आत्याची ट्रंक असेल. ती वाण्याला देण्याआधी एकदा उघडा. वर्गाचे छायाचित्र, हस्तलिखित, पोस्टकार्ड, मुंबईहून आलेला एखादा पातळसा अंक, काहीही असू शकते. सापडले तर त्यातली कविता कापून घेऊ नका, अंक अख्खा ठेवा. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशनही करू नका. गंजलेली टाचणी हळूच काढा. कागद कुणाचा, कुठे मिळाला, छायाचित्रात कोण आहे, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. छायाचित्रातल्या मुलांना नावानिशी ओळखणारी माणसे आता थोडी उरली आहेत. कागद त्यांच्यानंतरही राहील, पण ती नावे त्यांनाच विचारून घ्यावी लागतील आणि ते काम या मेळाव्यातच सुरू करता येईल.