डार्करूमपासून संगणकापर्यंत : छायाचित्र-संस्करणाच्या प्राथमिक शिक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छायाचित्रावर संगणकाच्या साहाय्याने संस्करण करणे ही बाब आता व्यावसायिक छायाचित्रकारापुरती मर्यादित राहिलेली नाही. इतिहासाचा अध्यापक दफ्तरातील मोडी कागदाचे, शिलालेखाचे अथवा किल्ल्याच्या तटबंदीचे छायाचित्र घेतो, ते सरळ करतो, अनावश्यक कडा कापतो, फिकट अक्षरे उठावदार करतो आणि त्यानंतर ते वर्गात दाखवितो किंवा शोधनिबंधात समाविष्ट करतो. हे काम करणारे अनेक अध्यापक या क्षेत्रात पूर्णतः नवशिके असतात. त्यांच्यासमोर फोटोशॉप किंवा गिम्पसारखे सॉफ्टवेअर उघडते तेव्हा डॉज, बर्न, मास्क, लेयर, लेव्हल्स अशा संज्ञांची एक मोठी यादी समोर येते. या संज्ञांचा परस्परसंबंध सहजासहजी लक्षात येत नाही. प्रशिक्षणवर्गातही 'येथे क्लिक करा' एवढ्याच पद्धतीने त्या शिकविल्या जातात.

या संज्ञा आकस्मिक नाहीत, तर त्यांमागे डार्करूम व छापखाना या दोन व्यवसायांचा सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. हा इतिहास समजला तर नवशिक्याचे शिक्षण सुकर होते. परंतु यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, मूळ प्रत सुरक्षित ठेवण्याची जी सवय डार्करूमच्या कार्यपद्धतीतूनच लागत असे, ती सॉफ्टवेअरमधून आपोआप लागत नाही. ती शिक्षकालाच लावावी लागते.

१. डार्करूममधील संस्करण

छायाचित्र पूर्वी सत्य सांगत असे आणि संगणकाने ते खोटे बोलावयास शिकविले, असा एक समज रूढ आहे. तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ऑस्कर रेयलँडर याने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून एक मोठे रूपकात्मक चित्र तयार केले. हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ साली पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरील तरुणीचे प्रसिद्ध चित्र सिद्ध केले. तंत्रदृष्ट्या आजच्या 'लेयर'मागील कल्पना येथे बीजरूपाने आढळते.

मुंबईचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. १८५४ साली येथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे असलेला 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रांत व्यक्तींची प्रतिमा एका निगेटिव्हमधून व पार्श्वभूमी दुसऱ्या निगेटिव्हमधून घेऊन त्यांची जोडणी केलेली आहे. अशा चित्राकडे त्या स्थळी प्रत्यक्ष टिपलेले दृश्य म्हणून पाहणारा अभ्यासक चुकीच्या निष्कर्षाप्रत जाईल. पोशाखासाठी ते चित्र उपयुक्त साधन ठरू शकते, परंतु ती माणसे त्या जागी उभी होती यासाठी ते पुरावा ठरत नाही.

संस्करणामागे राजकीय हेतूही असू शकतो. मॉस्को-व्होल्गा कालव्यावर स्टालिनसोबत टिपलेल्या छायाचित्रात गुप्त पोलीस दलाचा प्रमुख निकोलाय येझोव्ह होता. १९४० साली त्याला देहदंड झाल्यानंतर छायाचित्राच्या पुढील प्रतींतून त्याची आकृती पुसण्यात आली.

तथापि, डार्करूममधील संस्करणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. बहुतेक फेरफार प्रिंट काढताना केले जात आणि निगेटिव्ह बाजूला शिल्लक राहत असे. निगेटिव्हवरच पेन्सिलीने अथवा चाकूने टचिंग केले तर त्याच्या खुणा त्या पृष्ठभागावर उरत. अशा निगेटिव्हची तपासणी करून हात कोठे फिरला हे सांगणे अनेकदा शक्य होते. संगणकातील प्रतिमेत एका बिंदूच्या जागी दुसरा बिंदू आला, तर डोळ्यांना दिसेल असा ओरखडा राहत नाही.

२. नवशिक्याचा उदय

डार्करूममध्ये काम शिकणारा मनुष्य उमेदवार म्हणून शिकत असे. कुणा जाणत्याच्या हाताखाली रसायने मिसळण्यापासून त्याचा आरंभ होई. गुरूशिवाय, घरबसल्या, एकट्याने चित्र-संस्करण शिकणारा 'नवशिका' ही व्यक्ती मात्र अलीकडच्या काळात निर्माण झाली आहे.

१९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी किर्श यांच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. ते १७६ गुणिले १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदूंचे होते. पुढील पंचवीस वर्षे असे प्रयोग संशोधनसंस्था व मोठे मुद्रण-उद्योग यांच्यापुरते सीमित राहिले. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकाचे मुखपृष्ठ उभे असल्याने गिझा येथील पिरॅमिड संगणकीय यंत्रणेद्वारे एकमेकांच्या जवळ आणण्यात आले, आणि त्यावर बरीच टीका झाली. परंतु ती यंत्रणा सामान्य माणसाच्या आवाक्यातील नव्हती.

जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक बाजारात आला व त्यासोबत बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेली मॅकपेंट ही चित्रप्रणाली उपलब्ध झाली. ५१२ गुणिले ३४२ बिंदूंच्या कृष्णधवल पडद्यावर बालकालाही हाताळता येतील अशा ब्रश, पेन्सिल, खोडरबर, रंगाची बादली, फास यांच्या आकृत्या मांडलेल्या होत्या. केलेली शेवटची कृती रद्द करण्याची सोयही होती. चूक करण्याची भीती कमी झाली, आणि नवशिक्याला गुरूशिवाय पाऊल टाकणे शक्य झाले.

मिशिगन विद्यापीठात पीएच.डी.चा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ साली पडद्यावर करड्या छटा दाखविणारी एक छोटी प्रणाली लिहिली. त्यांचे बंधू जॉन नोल हे चित्रपटांतील दृश्यपरिणाम निर्माण करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत कार्यरत होते. दोघांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेले फोटोशॉप हे सॉफ्टवेअर ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. नोल बंधूंचे वडील प्राध्यापक व हौशी छायाचित्रकार होते, त्यांच्या घरी डार्करूम होती आणि थॉमस यांनी तेथे काम केलेले होते. ही माहिती केवळ चरित्रात्मक नाही. सॉफ्टवेअरमधील संज्ञा कोठून आल्या याचे बरेचसे उत्तर तीत आहे. पुढे बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प ही प्रणाली तयार केली. १९९६ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि विनामूल्य शिकण्याचा मार्ग उपलब्ध झाला.

३. संज्ञांमध्ये साठलेला इतिहास

फोटोशॉपमधील 'डॉज' या साधनाचे चिन्ह काडीला लावलेल्या काळ्या चकतीसारखे दिसते. नवशिक्याला त्याचा बोध होत नाही. डार्करूममध्ये एन्लार्जर व कागद यांच्यामध्ये तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती धरून काही भागावर पडणारा प्रकाश अडविला जाई, त्यामुळे तो भाग उजळ उमटत असे. याउलट हाताच्या पंजाने उरलेला भाग झाकून बोटांच्या पोकळीतून ठरावीक जागी अधिक प्रकाश सोडला की तो भाग गडद होई. 'बर्न' या साधनाच्या चिन्हात तोच हात दिसतो.

'अनशार्प मास्क' ही संज्ञा सर्वाधिक गोंधळात टाकणारी आहे. नावात अस्पष्टता असताना तिच्यामुळे चित्र स्पष्ट कसे होते, असा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो. या तंत्रात मूळ निगेटिव्हवरून मुद्दाम किंचित धूसर अशी फिकट पॉझिटिव्ह फिल्म काढीत व ती निगेटिव्हला जोडून दोहोंमधून प्रिंट घेत. धूसर फिल्ममुळे मोठ्या क्षेत्रांतील गडद-फिकट फरक दबला जाई, कडांचा फरक मात्र टिकून राही आणि म्हणून कडा उठून दिसत. सॉफ्टवेअर हीच क्रिया गणिताने करते. प्रत्यक्षात नवा तपशील निर्माण होत नाही, केवळ असलेल्या कडांचा उठाव वाढतो. हे एकदा समजले की विद्यार्थी ते साधन बेताने वापरू लागतो.

'मास्क' ही संज्ञा छापखान्यात फिल्मचा काही भाग झाकण्याच्या क्रियेशी निगडित आहे. 'क्रॉप' म्हणजे कडा छाटणे. फोटोच्या कडेला खुणा करून तो ब्लॉकसाठी पाठविणाऱ्या जुन्या उपसंपादकास ही क्रिया परिचित होती. थोडक्यात, या प्रणाली ज्यांनी घडविल्या त्यांनी जाणत्या कारागिरांना नवे हत्यार दिले. आजच्या नवशिक्याने डार्करूम पाहिलेली नसल्याने त्याच्या हाती केवळ शब्द येतात, अनुभव येत नाही.

४. महाराष्ट्रातील शिक्षणमार्ग

महाराष्ट्रात हे कौशल्य प्रामुख्याने दोन वाटांनी पसरले. पहिली वाट डी.टी.पी. वर्गांची. १९९० नंतरच्या दशकात शहरांतून व तालुक्याच्या गावांतून निघालेल्या या वर्गांत पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप ही त्रयी शिकविली जात असे. लग्नपत्रिका, हँडबिल व जाहिरातफलक हे तेथील पाठ होते. दुसरी वाट फोटो स्टुडिओची. पासपोर्ट आकाराच्या फोटोची पार्श्वभूमी बदलणे, एका कागदावर आठ फोटो बसविणे, आजोबांच्या फाटक्या फोटोवरून भिंतीवर लावण्याजोगी तसबीर तयार करणे ही कामे नवा मुलगा जुन्याकडे पाहून शिकत असे. येथे उमेदवारीची परंपरा टिकून राहिली.

या दोन्ही वाटांनी अनेकांना रोजगार दिला, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु तेथील उद्दिष्ट ग्राहकास आवडेल असे चित्र देणे हे होते. सुरकुती काढणे व डाग पुसणे हा तेथे गुण मानला जाई. इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र कागदावरील डाग हाही पुरावा असू शकतो. त्यामुळे स्टुडिओतील धडे जसेच्या तसे संशोधनात आणता येत नाहीत.

५. अभ्यासकासाठी संस्करणाची मर्यादा

पिवळ्या पडलेल्या कागदाच्या छायाचित्रात सर्वांत गडद छटा पूर्ण काळी नसते व सर्वांत उजळ छटा पूर्ण पांढरी नसते. 'लेव्हल्स'द्वारे ही दोन टोके ताणली की फिकट शाई वाचता येते. हे वाचनास केलेले साहाय्य होय. परंतु हेच साधन अर्थ बदलू शकते. जून १९९४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने ओ. जे. सिम्प्सन याचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर अधिक काळवंडून छापले. त्याच सुमारास 'न्यूजवीक'ने तेच छायाचित्र असा बदल न करता छापल्याने फरक सर्वांच्या लक्षात आला व वर्णद्वेषाचा आरोप झाला. छटा गडद करणे हे नवशिक्याच्या पहिल्या धड्यातील काम आहे. तेही निष्पाप नसते, हे यावरून स्पष्ट होते.

२००२ सालच्या आवृत्तीत आलेला 'हीलिंग ब्रश' डागाच्या जागी शेजारचा पोत भरतो. मोडी पत्रातील कसरीने खाल्लेले छिद्र त्याने बुजविले तर कागद देखणा दिसेल, परंतु छिद्रालगतचा शाईचा फराटा पुसला जाऊ शकतो किंवा नसलेला उमटू शकतो. तो फराटा तारखेच्या अंकाचा असेल, तर पत्राचा काळच बदलेल. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये रिकामी जागा स्वतः कल्पून भरणारी सोय आली आहे. साधनग्रंथासाठी ती सर्वथा वर्ज्य मानली पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या वाटचालीत मागे फिरण्याच्या सोयी वाढत गेल्या, हे खरे आहे. १९९४ साली फोटोशॉपमध्ये लेयर आले व मूळ चित्रास स्पर्श न करता त्यावर वेगळ्या थरात काम करता येऊ लागले. १९९८ साली 'हिस्टरी' नावाची यादी आली व अनेक पायऱ्या मागे जाता येऊ लागले. परंतु फाइल बंद होताच ही यादी नाहीशी होते. सर्व थर एकत्र करून जेपेग स्वरूपात साठविले, की काय बदलले हे त्या चित्रावरून कळत नाही. शिवाय जेपेग फाइल संस्करण करून पुनःपुन्हा साठविली तर दर वेळी काही तपशील कमी होत जातो. ज्या यादीला 'इतिहास' हे नाव आहे तीच टिकत नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या नजरेस आवर्जून आणावी.

निष्कर्ष

१. चित्र-संस्करण ही संगणकाची निर्मिती नसून छायाचित्रणाच्या आरंभकाळापासून चालत आलेली परंपरा आहे.

२. सॉफ्टवेअरमधील मूलभूत संज्ञा डार्करूम व छापखाना यांतून आल्या आहेत. त्यांचा उगम सांगून शिकविल्यास नवशिक्यास त्या पाठ कराव्या लागत नाहीत, समजतात.

३. प्राथमिक शिक्षणाचा पहिला धडा ब्रशचा नसून प्रत करण्याचा असावा. मूळ फाइल वेगळ्या नावाने, अस्पर्शित ठेवावी, आणि त्यानंतरच कामास आरंभ करावा.

४. प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद वहीत करावी व प्रसिद्ध चित्राखाली 'कडा कापल्या, उठाव वाढविला' अशी स्पष्ट ओळ द्यावी.

५. वाचन सुलभ करणारे बदल व आशय बदलणारे बदल यांतील सीमारेषा इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी लेखी स्वरूपात ठरवून द्यावी.

नक्कल करताना मूळ पत्रातील फाटलेली जागा रिकामी सोडून 'येथे कागद फाटला आहे' अशी नोंद करण्याचा शिरस्ता आपल्या साधन-संपादकांनी पाळला आहे. संगणकावर चित्र-संस्करण शिकू लागलेल्या अध्यापकास दुसरा वेगळा नियम शोधण्याची आवश्यकता नाही. तोच शिरस्ता त्याने पडद्यावर पाळावयाचा आहे.