वजाबाकीत दिसणारे मरण

जुन्या इंग्रजी खानेसुमारीत चार जातींची दुःखे वेगळी मोजली जात : वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी हे रकाने भरले गेले. (‘वेडा’ हा शब्द आता सरकारी कागदांतून गेला, हे बरेच झाले, पण जुन्या कागदांविषयी बोलताना तो टाळता येत नाही.) जिवंत वेडे किती, हे त्यांत सापडते. मेले किती, हे मात्र कोणी विचारलेच नव्हते. ते वजाबाकीनेच काढावे लागते. आणि मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, तेवढी वजाबाकी मला येते.

१८९१ साली हिंदुस्थानात वेडे म्हणून नोंदलेली माणसे सुमारे ७४ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ६६ हजार उरली. एकंदर लोकसंख्या तर त्या दहा वर्षांत थोडी वाढलीच होती. मग ही माणसे शहाणी झाली म्हणावे काय? मोजदादीतल्या चुका आपण जमेस धरू. पण मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते, आणि दुसऱ्याने आमच्या वऱ्हाडची दैना केली होती. दुष्काळी कामावर जो खडी फोडील त्याला मजुरी मिळे. ज्याला खडी का फोडायची हेच समजत नाही, त्याने काय खावे? घरच्यांच्या ताटातले उरेल ते. आणि त्या साली ताटात काही उरत नव्हते.

आमचा केळापूर तालुका तेव्हा वणी जिल्ह्यात मोडे. १९०५ साली त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ सालचे. पांढरकवड्याहून ते दीडशे किलोमीटर, म्हणजे बैलगाडीचे कित्येक मुक्काम. तिथे मेलेल्याची निदान नोंद होई. गावात मेलेला पाटलाच्या बुकात बहुधा ‘ताप’ या सदरात जाई, आणि सुटे.

पुढे कायदे झाले : १९१२ चा, १९८७ चा, २०१७ चा. मधल्या काळात, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूतल्या एरवाडीत एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. ही मोजली गेली, कारण ती एकदम मेली. एरवी असा माणूस एकेकटा मरतो. तीव्र मनोविकाराची माणसे इतरांहून दहा ते वीस वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांतली पुष्कळ हृदयविकारासारख्या साध्या, औषध असलेल्या दुखण्यांनी.

आमच्याकडे आणखी एक गाठ बसली आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला २००६ पासून एक लाख रुपये मिळतात, पण कारण नापिकी किंवा कर्ज असले पाहिजे. मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. तेव्हा विधवा बाईने नवऱ्याच्या मनाच्या दुखण्याची चिठ्ठी पंचनाम्यापुढे का ठेवावी? ती चुलीत जाते. मी तिला दोष देणार नाही.

२०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करतात. ओसरीवर बसलेला माणूस बहुधा एवढेच सांगतो : “झोप लागत नाही, बाई.” ते त्या लिहून घेतात.